लिबरऑफिस कॅल्क: सोसायटीच्या हिशोबाला तीन वर्षं वापरलं, त्याचा अनुभव

लिबरऑफिस कॅल्क म्हणजे एक्सेलसारखा फुकट मिळणारा स्प्रेडशीट प्रोग्रॅम. आधीच सांगते, हा फीचर्सचा रिव्ह्यू नाहीये. कुणाचे चार्ट देखणे, कुणाची बटणं सोपी, यावर भरपूर व्हिडिओ आहेत ते बघा. मला एकच गोष्ट तपासायची होती. आमच्या सोसायटीचा हिशोब ज्या फाईलमध्ये आहे ती फाईल माझ्यानंतरच्या खजिनदाराला, त्याच्याकडे कुठलाही कॉम्प्युटर असू दे, उघडता येईल का, आणि उघडली तर आकडे तेच दिसतील का. तीन वर्षं लिबरऑफिस कॅल्क वापरलं ते याच प्रश्नासाठी.

आम्ही डोंबिवलीत राहतो, ४८ फ्लॅटची सोसायटी. मी खजिनदार झाले तेव्हा रिडेव्हलपमेंटची चर्चा नुकती सुरू झाली होती आणि सर्वसाधारण सभेत एका सभासदांनी विचारलं की २००४ पासून आमच्याकडून सिंकिंग फंड घेताय तर त्याचा वर्षवार हिशोब दाखवा. रास्त प्रश्न होता, हा फंड इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा, आणि बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरवर्षी म्हणजे इतक्या वर्षांत रक्कम काही लहान राहत नाही. आधीचे खजिनदार काका म्हणाले, "अगं सगळं आहे, काही हरवलेलं नाही," आणि एक पेन ड्राईव्ह आणि एक जुनी हार्ड डिस्क माझ्या हातात दिली. खरंच सगळं होतं, काकांनी एकही वर्ष सोडलं नव्हतं, पण ते चार प्रकारच्या फाईलींत होतं आणि त्यातली पहिली पाच वर्षं तर कशातच उघडेनात.

ती पाच वर्षं म्हणजे २००४ ते २००९. तेव्हा मेंटेनन्सची बिलं एका ओळखीच्या मुलाने फॉक्सप्रोमध्ये करून दिलेल्या प्रोग्रॅमवर निघायची, काळ्या स्क्रीनवाला डॉसचा प्रोग्रॅम. आजच्या ६४ बिट विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, त्यामुळे डबल क्लिक केलं की नुसता मेसेज यायचा. कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं की डेटा गेला समजा. पण फोल्डर उघडून बघितलं तर आत पंधरा-वीस डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या, फाईली दिसल्या, आणि मला कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं की कॅल्क डीबीएफ उघडतं. उजवी क्लिक, ओपन विथ, लिबरऑफिस कॅल्क. त्याने फक्त एवढंच विचारलं की अक्षरं कुठल्या कॅरॅक्टर सेटमध्ये आहेत, मी ओके केलं, आणि सगळ्यात वरच्या ओळीत फ्लॅट नंबर, नाव, महिना, सर्व्हिस चार्जेस, सिंकिंग फंड, थकबाकी असे कॉलम आणि खाली २००४ च्या एप्रिलपासूनची प्रत्येक फ्लॅटची नोंद. कॉलमची नावं दहा अक्षरांत कोंबलेली होती, कारण डीबीएफमध्ये त्यापेक्षा मोठं नाव बसतच नाही, पण कळत होती. काकांना फोन लावला आणि पहिल्याच महिन्याची बेरीज वाचून दाखवली, त्यांनी त्यांच्या डायरीत बघितलं, रुपयासकट जुळली.

हे झालं कारण डीबीएफची रचना सगळ्या जगाला माहीत आहे. फाईलच्या सुरुवातीला कॉलमची नावं, प्रकार आणि रुंदी, आणि त्यापुढे एकाच मापाच्या ओळी. प्रोग्रॅम गेला, तो करून देणारा मुलगा कुठे आहे तेही कुणाला माहीत नाही, पण फाईल वाचता आली. याच्या बरोब्बर उलटं उदाहरण आमच्याच फोल्डरमध्ये आहे. मध्ये एक वर्ष कमिटीने हिशोब एका ऑनलाईन सोसायटी ॲपवर नेला होता, नाव घेत नाही. ते बंद करताना आमचा डेटा द्या म्हटलं तर मिळाल्या पीडीएफ. नुसत्या पीडीएफ. आकडे डोळ्यांना दिसतात पण बेरीज करायची तर परत टाईप करा. २००४ चा डेटा एका मिनिटात उघडतो आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेला आमच्याच पैशाचा हिशोब उघडत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

पुढची सहा वर्षं एक्सएलएस, म्हणजे एक्सेल ९७ ते २००३ वाली फाईल. त्या कॅल्कमध्ये सरळ उघडल्या, सूत्रं शाबूत, आकडे शाबूत. या जुन्या प्रकाराची मर्यादा मात्र लक्षात ठेवा, एका शीटमध्ये ६५,५३६ ओळी आणि २५६ कॉलम, बास. सोसायटीला तेवढं पुरून उरतं पण मोठ्या कामाला ते किती महाग पडतं ते ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. लॅबकडून आलेले कोविडचे रिपोर्ट तिथलं आरोग्य खातं जुन्या एक्सएलएस साच्यात ओढत होतं, ओळी संपल्या आणि पुढचे रिपोर्ट नुसतेच गळून गेले. १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस काही दिवस आकड्यांत आल्याच नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना फोन जायलाही तेवढाच उशीर झाला. एक्सेलच्या नव्या प्रकारच्या फाईलीत, म्हणजे एक्सएलएसएक्समध्ये, १०,४८,५७६ ओळी बसतात. तेव्हा कुणाकडे अजून जुन्या फाईलीत काम चालू असेल तर नव्यात सेव्ह करून घ्या, ओडीएस (कॅल्कची स्वतःची फाईल) करा नाहीतर एक्सएलएसएक्स करा, पण करा.

एक्सएलएस फाईलींमध्ये आमचं जे अडलं ते आकड्यांत नव्हतं, मराठीत होतं. सभासदांची नावं तेव्हाच्या एका मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेली, युनिकोड नाही. म्हणजे फाईलच्या पोटात खरी अक्षरं इंग्रजी, फक्त तो फॉन्ट त्यांना मराठीचा चेहरा देतो. फॉन्ट मशीनवर नसेल तर नावाच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. आता याला कॅल्क काय करणार आणि एक्सेल तरी काय करणार. फाईलचा फॉरमॅट कितीही खुला असला तरी आतली भाषा त्या एका फॉन्टलाच कळते. मी आय रजिस्टर, म्हणजे सोसायटीची सभासदांची नोंदवही, समोर घेऊन ४८ नावं युनिकोडमध्ये परत टाईप केली, दोन संध्याकाळ गेल्या. शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायती, अशा किती ठिकाणी अशा फाईली पडून असतील, ज्यांच्याकडे असतील त्यांनी तो फॉन्ट मशीनवर आहे तोवरच एकदा युनिकोडमध्ये करून घ्या.

आता मुद्द्याच्या दोन फाईली, ओडीएस आणि एक्सएलएसएक्स. दोन्हीच्या पोटात डोकावायला काही लागत नाही, फाईलची एक कॉपी करा, शेवटचं नाव बदलून झिप करा आणि उघडा. दोन्ही खरंच झिप आहेत. एक्सएलएसएक्समध्ये एक्सएल नावाचं फोल्डर, त्यात वर्कशीट्स, त्यात प्रत्येक शीटची वेगळी एक्सएमएल (खुणा घातलेल्या साध्या मजकुराची) फाईल, आणि टाईप केलेला मजकूर बहुतेक सगळा शेअर्डस्ट्रिंग्ज नावाच्या वेगळ्याच फाईलीत. शीटमध्ये नावाच्या जागी नुसता क्रमांक असतो, १७ म्हणजे त्या यादीतलं अमुक नाव. ओडीएसमध्ये कंटेंट नावाची एकच एक्सएमएल, आणि तिच्यात सभासदाचं नाव तिथल्या तिथे, सेलमध्येच. मी नोटपॅडमध्ये उघडून आमच्या तळमजल्याच्या गाळ्याची थकबाकी शोधली, सापडली, सूत्रही दिसलं आणि शेजारी त्याचं उत्तरही. उद्या सगळे स्प्रेडशीट प्रोग्रॅम बंद पडले तरी नोटपॅडमधून हिशोब काढता येईल, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर मला शांत झोप लागली, हे अगदी मनापासून सांगते.

कागदावर दोन्ही फॉरमॅट खुले आहेत. ओडीएस ज्या ओडीएफ फॉरमॅटमध्ये येतं त्याला ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने मे २००५ मध्ये मान्यता दिली आणि २००६ मध्ये ते आयएसओचं स्टँडर्ड झालं, नंबर २६३००. मायक्रोसॉफ्टचं ओओएक्सएमएल, ज्यात एक्सएलएसएक्स येतं, ते २००६ च्या डिसेंबरमध्ये एक्मा या दुसऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं आणि २००८ मध्ये आयएसओ २९५००. पण त्यावर मोठं रण माजलं होतं. सहा हजारांवर पानांचा मसुदा घाईच्या वाटेने मंजुरीला आला, सप्टेंबर २००७ मध्ये पहिल्या मतदानात तो पडला, आपल्या भारताने तेव्हाही 'नाही' म्हटलं आणि २००८ मध्येही 'नाही'च म्हटलं. एवढंच नाही तर ब्राझील, दक्षिण आफ्रिका आणि व्हेनेझुएलासारखंच भारतानेही रीतसर अपील केलं, ते फेटाळलं गेलं. मला हे वाचून अभिमान वाटला, कारण फाईलचा फॉरमॅट हा तेव्हा आपल्या लोकांनी पानं उलटून अभ्यासलेला विषय होता. त्या स्टँडर्डचे पुढे दोन अवतार झाले, स्ट्रिक्ट आणि ट्रान्झिशनल. ट्रान्झिशनलमध्ये जुन्या सवयी सांभाळून घेतलेल्या आहेत आणि एक्सेल नेहमीच्या सेव्हला तेच लिहितं. स्ट्रिक्ट हवं असेल तर सेव्ह ॲजमध्ये जाऊन वेगळं निवडावं लागतं.

जुन्या सवयी म्हणजे कशा, तर २९ फेब्रुवारी १९००. हा दिवस कधी उगवलाच नाही, १९०० लीप वर्ष नव्हतं. पण लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने ते लीप धरलं, एक्सेलने लोटसच्या फाईली चालाव्यात म्हणून तसंच ठेवलं, आणि ते आज स्टँडर्डमध्ये जाऊन बसलंय. कॅल्कने मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू करून ते जुळवून घेतलं, त्यामुळे १ मार्च १९०० नंतरच्या सगळ्या तारखा दोन्हीकडे एकच येतात. आपल्याला काही फरक पडत नाही, पण दुसऱ्याच्या फाईलीशी जुळवून घेणं म्हणजे किती बारीक काम असतं ते यावरून कळेल.

ओडीएफचीही एक चूक सांगायला हवी, एकाच बाजूचं बोलणं बरं नाही. पहिल्या आवृत्त्यांमध्ये सूत्रं कशी लिहायची हे नीट ठरवलेलंच नव्हतं. स्प्रेडशीटचा फॉरमॅट आणि सूत्रांचाच पत्ता नाही! त्यामुळे २००९ मध्ये ऑफिस २००७ ला ओडीएफ वाचता यायला लागलं तेव्हा दुसऱ्या प्रोग्रॅमने लिहिलेल्या ओडीएसमधली सूत्रं जाऊन नुसती उत्तरं उरायची, आणि यावरून दोन्ही बाजूंनी जोरदार भांडण झालं. २०११ च्या ओडीएफ १.२ मध्ये ओपनफॉर्म्युला, म्हणजे सूत्रं लिहायचे नियम, आले, ऑफिस २०१३ ने ती आवृत्ती घेतली, आणि तिथून पुढे बेरजा, व्हीलुकअप, सम-इफ्स असली रोजची सूत्रं इकडून तिकडे नीट जातात.

मी घेतलेली परीक्षा सांगते. एका वर्षाचं पूर्ण लेजर, ४८ फ्लॅट, १२ महिने, व्याजाची शीट, ताळेबंद, एकदा ओडीएस आणि एकदा एक्सएलएसएक्स असं सेव्ह केलं, आणि ते ऑडिटर साहेबांच्या एक्सेलमध्ये, माझ्या गूगल शीट्समध्ये आणि मुलाच्या लिनक्सवर उघडून प्रत्येक शीटची शेवटची बेरीज ताडून बघितली. सगळ्या बेरजा सगळीकडे जुळल्या. दिसण्यात फरक पडला, कॉलम थोडे अरुंद, प्रिंटला एक ओळ दुसऱ्या पानावर गेली. ते फॉन्टमुळे होतं, एका मशीनवर निर्मला, दुसऱ्यावर लोहित, रुंदी वेगळी. कॅलिब्री या इंग्रजी फॉन्टच्या जागी कॅल्कसोबत येणारा कार्लिटो हुबेहूब त्याच मापाचा आहे, म्हणून इंग्रजी मजकूर हलत नाही, मराठी मात्र हलतो. प्रिंट द्यायची तर सरळ पीडीएफ काढून द्या.

लाखाचा स्वल्पविराम ही आपली खास अडचण आहे. एक्सेलमध्ये १२,३४,५६७ दिसतं ते विंडोजच्या रीजन सेटिंगमुळे, फाईलमुळे नाही. तीच फाईल परदेशी सेटिंगच्या मशीनवर उघडली की १,२३४,५६७. आमचे एक सभासद दुबईला असतात, त्यांनी फोन करून विचारलं की हे नक्की किती लाख, मी वाचूनच दाखवलं. कॅल्कमध्ये सेलच्या फॉरमॅटमध्येच भाषा इंग्लिश इंडिया किंवा मराठी निवडता येते आणि ती निवड सेलसोबत फाईलीत राहते, मशीन कुठलंही असो. छोटी गोष्ट आहे पण ताळेबंद वाचणाऱ्या सत्तरीच्या काकूंना विचारा तिचं महत्त्व.

कॅल्कचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सीएसव्ही उघडायची पद्धत. सीएसव्ही म्हणजे नुसता मजकूर, त्यात कॉलम कसला आहे हे लिहिलेलंच नसतं, प्रोग्रॅमने अंदाज बांधायचा. बँकेतून उतरवलेल्या स्टेटमेंटमध्ये खाते नंबर शून्याने सुरू होतात, आकडा समजून उघडला की पुढची शून्यं गायब. नंबर १५ आकड्यांपेक्षा लांब असेल तर पंधराव्याच्या पुढचे आकडे शून्य होऊन बसतात, आणि सेव्ह केलंत की मूळ नंबर गेला तो गेलाच. तारखेचं त्याहून वाईट, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल का चार मार्च? थकबाकीवर व्याज लावायचं तर एक महिना चुकला की सभासदाशी वाद ठरलेला. कॅल्क सीएसव्ही उघडण्याआधी एक खिडकी दाखवतं, त्यात अक्षरांसाठी युटीएफ-८ निवडा, खाते नंबरच्या कॉलमवर क्लिक करून टेक्स्ट करा, तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष सांगा, खाली लगेच नमुना दिसतो, मग ओके. युटीएफ-८ निवडायचं राहिलं तर मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चित्रविचित्र खुणांची माळ येते, घाबरू नका, फाईल खराब झालेली नसते, सेव्ह न करता बंद करा आणि परत उघडा.

एक खोच मात्र मी ठेच लागून शिकले. फाईलमध्ये सूत्रासोबत त्याचं शेवटचं उत्तर साठवलेलं असतं हे वर सांगितलंच. कॅल्क उघडताना वेळ वाचवायला ते साठवलेलं उत्तरच दाखवतं, नव्याने मोजत नाही, मूळ सेटिंगच तसं आहे. मला एका प्रोग्रॅममधून निघालेली एक्सएलएसएक्स आली होती ज्यात वरचे आकडे बदललेले पण खालची बेरीज जुनीच लिहिलेली, आणि मी ती तशीच कमिटीच्या मीटिंगला नेली. ४,२०० रुपयांचा फरक निघाला, नशीब तिथेच सापडला. आता टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस कॅल्क, फॉर्म्युला इथे जाऊन रीकॅल्क्युलेशन ऑन फाईल लोडला दोन्ही ठिकाणी ऑलवेज करून ठेवलंय. एखाद्याच फाईलीपुरतं हवं असेल तर कंट्रोल शिफ्ट एफ९ दाबा. कॅल्क टाकल्यावर पहिलं काम हेच करा.

कुठे जमत नाही तेही सांगते. मॅक्रो (फाईलीतच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) असलेल्या एक्सेल फाईलींचा भरवसा धरू नका, काही चालतात, बऱ्याच चालत नाहीत, टॅक्सच्या मॅक्रोवाल्या युटिलिटी तर एक्सेलमध्येच भरा. पॉवर क्वेरी, म्हणजे बाहेरचा डेटा ओढून आणायचं एक्सेलचं साधन, नाही. पिव्हट टेबल आहे पण स्लायसर, म्हणजे त्यातला डेटा गाळायची बटणं, नाहीत. एक्सलुकअप, फिल्टर, युनिक ही नवी सूत्रं लिबरऑफिसच्या २४.८ व्हर्जनमध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२४ मध्ये आली, त्याआधीचं व्हर्जन असेल तर अपडेट करा नाहीतर सेलमध्ये नेम एरर दिसेल. हीच गत जुन्या एक्सेलचीही होते, म्हणून दुसऱ्याला द्यायच्या शीटमध्ये मी अजून व्हीलुकअपच वापरते. कॉलम १,०२४ वर अडायचे ते ७.४ पासून १६,३८४ झालेत.

गूगल शीट्सबद्दल एवढंच, एकत्र बसून भरायला ते उत्तम, आमची पाण्याच्या टँकरची नोंद तिथेच चालते. पण ड्राईव्हच्या फोल्डरमध्ये दिसते ती फाईल नुसती लिंक असते, तिची पेन ड्राईव्हवर कॉपी केलीत तर आत हिशोब नसतो. डाऊनलोडमध्ये जाऊन ओडीएस नाहीतर एक्सएलएसएक्स घ्या, दोन्ही मिळतात.

पैशाचं म्हणाल तर कॅल्क फुकट आहे, कितीही मशीनवर टाका, मेनू मराठीत करता येतो, काकांनी तसाच केलाय. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा त्या रीकॅल्क्युलेशनच्या मूळ सेटिंगसाठी कापला.

सध्या दर ३१ मार्चला वर्षाचं लेजर ओडीएसमध्ये बंद करते, एक प्रत एक्सएलएसएक्समध्ये ऑडिटर साहेबांना जाते, आणि पीडीएफची प्रिंट सही करून कपाटात. सिंकिंग फंडाचा तक्ता सभेत मांडला, त्या ॲपवाल्या वर्षाची ओळ तेवढी रिकामी आहे. त्या पीडीएफ समोर ठेवून रोज रात्री थोडं थोडं टाईप करतेय, नोव्हेंबरपर्यंत आलेय, चार महिने राहिलेत.